स्वराज द्वीपावर महिनाभर राहायचे असेल तर

अंदमानातील स्वराज द्वीपावर मी पहिल्यांदा गेलो तेव्हा मुक्काम पाच दिवसांचा होता. त्या पाच दिवसांत मी एकदा बोट चुकवली, एकदा ओहोटीच्या वेळी पाण्यात उतरून प्रवाळांवर पाय कापून घेतला आणि एकदा सूर्यास्त पाहायला म्हणून निघून थेट अंधारातच किनाऱ्यावर पोहोचलो. पुढच्या खेपेस पूर्ण महिना राहिलो, तेव्हा लक्षात आले की या तिन्ही फजित्यांचे मूळ एकच होते. मी माझे घड्याळ सोबत नेले होते आणि बेट चालत होते सूर्य, भरती आणि बोट या तिघांच्या वेळापत्रकावर. ही तीन वेळापत्रके आधी समजून घेतली, तर भटकंतीही होते आणि झोपाळ्यात पडून राहण्याचे सुखही मिळते. पहिल्यांदाच दीर्घ मुक्कामासाठी जाणाऱ्यांनी कोणत्या क्रमाने काय करावे, ते पुढे लिहिले आहे.

सुरुवातीलाच नावांचा एक गोंधळ दूर करतो. हॅवलॉकचे नाव ३० डिसेंबर २०१८ रोजी स्वराज द्वीप झाले आणि शेजारच्या नील बेटाचे शहीद द्वीप. सप्टेंबर २०२४ मध्ये पोर्ट ब्लेअरचे नाव श्री विजयपुरम झाले. बेटावरची माणसे बोलताना अजूनही सर्रास हॅवलॉक म्हणतात, तिकिटांवर कधी जुने नाव असते, कधी नवे. दोन्ही नावे दिसली म्हणून दोन वेगळी ठिकाणे समजू नयेत. माझ्यासमोर एका कुटुंबाने ‘आम्हाला हॅवलॉकला जायचे आहे, स्वराज द्वीपाला नाही’ असे म्हणत खिडकीवर बराच वेळ हुज्जत घातली होती.

१. आधी मोसम ठरवा

अंदमानला पावसाचे दोन मोसम आहेत, हे आपल्याकडच्या माणसाच्या चटकन ध्यानात येत नाही. नैऋत्य मोसमी पाऊस मे महिन्याच्या मध्यापासूनच सुरू होतो आणि तो ओसरतो न ओसरतो तोच ईशान्येकडचा पाऊस येतो, त्यामुळे दिवाळीच्या सुट्टीत आपल्याकडे आभाळ निरभ्र असले तरी तेथे छत्री लागू शकते. वर्षाच्या अखेरीस बंगालच्या उपसागरात चक्रीवादळेही तयार होतात. डिसेंबर २०१६ मध्ये खराब हवामानामुळे शेकडो पर्यटक हॅवलॉक आणि नील बेटांवर अडकून पडले होते आणि त्यांना आणण्यासाठी नौदलाची जहाजे पाठवावी लागली होती.

समुद्रात उतरणे हा मुख्य हेतू असेल, तर जानेवारी ते एप्रिल हा काळ निवडावा. या दिवसांत पाणी शांत व पारदर्शक असते. नाताळ आणि नववर्षाचा आठवडा मात्र टाळलेला बरा, कारण तेव्हा खोल्या व बोटी दोन्हींची टंचाई असते आणि भाडे मनमानी सांगितले जाते. जून ते सप्टेंबर या काळात बेट हिरवेगार व रिकामे असते. लिहिण्या-वाचण्यासाठी जाणाऱ्याने तेव्हाही खुशाल जावे, फक्त ठरलेली बोट सुटेलच हे गृहीत धरू नये.

२. कागदपत्रे आणि सामान

भारतीय नागरिकाला स्वराज द्वीप व शहीद द्वीप येथे जाण्यासाठी वेगळा परवाना लागत नाही. निकोबारला जायचे असेल तर परवानगी आवश्यक असते, आणि आदिवासी राखीव क्षेत्रांत जाणे, तेथे छायाचित्रे काढणे किंवा तेथील लोकांशी संपर्क साधण्याचा प्रयत्न करणे हा १९५६ च्या आदिवासी संरक्षण विनियमानुसार गुन्हा आहे. ‘थोडे आतपर्यंत नेतो’ असे कोणी सुचवले, तर त्या माणसापासून दूर राहावे.

जवळ ठेवायची कागदपत्रे अशी:

– मूळ ओळखपत्र आणि त्याच्या तीन-चार छायाप्रती. बोटीत चढताना ओळखपत्र पाहतात, त्यामुळे तिकिटावरचे नाव त्याच्याशी जुळणारे असावे.
– विमान व बोटीच्या तिकिटांच्या छापील प्रती. ऐन धक्क्यावर मोबाइलला रेंज नसते, हा माझा एकदाचा नव्हे, तीनदाचा अनुभव आहे.
– दुचाकी चालवण्याचा परवाना, मूळ स्वरूपात.
– स्कूबा, म्हणजे पाठीवर हवेची टाकी घेऊन पाण्याखाली पोहणे, शिकायचे असेल आणि दमा, हृदयविकार, कानाची शस्त्रक्रिया किंवा तत्सम काही इतिहास असेल, तर घरूनच घेतलेले डॉक्टरांचे प्रमाणपत्र.
– नेहमीच्या औषधांची चिठ्ठी व पूर्ण मुक्कामाला पुरेल इतका साठा.

सामानात सर्वांत उपयोगी ठरलेली वस्तू म्हणजे जाड तळाचे, पाण्यात चालणारे रबरी बूट. त्यांच्याखालोखाल पूर्ण बाह्यांचा, अंगाला घट्ट बसणारा पोहण्याचा सदरा. तो असला की पाठीला सतत मलम चोपडत बसावे लागत नाही, आणि पाण्यावर पालथे तरंगताना सर्वाधिक भाजते ती पाठच. डोक्याला लावायची विजेरी, पाण्यापासून सुरक्षित राहणारी पिशवी, जंतुनाशक, खोबरेल तेल आणि स्वतःचा डायव्हिंग मास्क एवढे घेतले की पुरे. मास्क मात्र स्वतःचाच असावा, कारण भाड्याचा मास्क चेहऱ्यावर नीट बसला नाही की नाकात पाणी जाते आणि माणूस दोष समुद्राला देतो.

३. बोटीचे गणित

वीर सावरकर आंतरराष्ट्रीय विमानतळ श्री विजयपुरम येथे आहे. स्वराज द्वीप तेथून ईशान्येस सुमारे ४० किलोमीटरवर आहे. खासगी जलद बोटीला साधारण दीड तास लागतो, सरकारी बोटीला दोन ते अडीच तास. सरकारी बोट फिनिक्स बे येथून सुटते, स्वस्त असते आणि तिच्या डेकवर मोकळ्या हवेत उभे राहता येते. पण तिचे आरक्षण प्रवासाच्या थोडेच दिवस आधी खुले होते आणि जागा झपाट्याने भरतात. ही बोट बेटावरच्या लोकांची रोजची गाडी आहे हेही लक्षात ठेवावे. दवाखान्याला किंवा परीक्षेला निघालेल्या स्थानिकाला प्राधान्य मिळाले, तर कुरकुर करू नये. खासगी बोटी बहुधा बंद व वातानुकूलित असतात. ज्याला बोट लागते त्याने प्रवासापूर्वी सुमारे तासभर आधी गोळी घ्यावी, मळमळू लागल्यावर घेतलेल्या गोळीचा फारसा उपयोग होत नाही.

मी बोट चुकवली ती एका साध्या हिशेबाच्या चुकीमुळे. विमान दुपारी उतरणार होते आणि त्याच दुपारची शेवटची बोट मी घेऊन ठेवली होती. विमानाला पाऊण तास उशीर झाला आणि मी धक्क्यावर पोहोचलो तेव्हा बोटीमागचा पांढरा फेस तेवढा दिसत होता. या बेटांवर प्रवासी बोटी दिवसाउजेडीच धावतात. संध्याकाळी दुसरी मिळेल असे होत नाही. म्हणून सकाळच्या विमानाने येणार असाल तरच त्या दिवशीची बोट घ्यावी आणि मधे किमान चार तास मोकळे ठेवावेत. अन्यथा पहिली रात्र श्री विजयपुरम येथे काढावी, सेल्युलर जेल पाहावे आणि दुसऱ्या दिवशी सकाळी निघावे.

परतीचा नियम याहून कडक आहे. ज्या दिवशी विमान, त्याच दिवशी बोट असे कधीही ठरवू नये. समुद्र खवळला की बोटी रद्द होतात आणि बोटीचे पैसे परत मिळाले तरी विमानाचे बुडतात. विमानाच्या आदल्या दिवशी श्री विजयपुरमला मुक्काम असावा. वादळी महिन्यांत तर दोन दिवस आधी.

४. राहण्याची जागा

बेटावरची गावे गोविंदनगर, विजयनगर, श्यामनगर, कृष्णनगर आणि राधानगर अशा नावांची आहेत. १९५० च्या दशकात पूर्व बंगालमधून आलेल्या निर्वासित कुटुंबांना येथे वसवण्यात आले, त्यामुळे घरात बंगाली आणि बाहेर हिंदी असा भाषेचा व्यवहार चालतो. किनाऱ्यांना नावांबरोबर क्रमांकही आहेत, आणि रिक्षावाल्याला ‘पाच नंबर’ म्हटले की विजयनगर, ‘सात नंबर’ म्हटले की राधानगर, हे त्याला पक्के ठाऊक असते.

दीर्घ मुक्कामासाठी मी विजयनगर सुचवीन. किनारा पूर्वेकडे तोंड करून आहे, सूर्योदय अंथरुणातून दिसतो, सागरी महुआच्या जुन्या झाडांची सावली थेट वाळूपर्यंत येते आणि बरीचशी स्कूबा केंद्रे पायी अंतरावर आहेत. गोविंदनगरला बाजार, औषधांचे दुकान व धक्का जवळ पडतात, पण वर्दळ असते. राधानगरचा किनारा सर्वांत देखणा खरा. २०२० मध्ये त्याला ब्लू फ्लॅग हे स्वच्छ व सुरक्षित किनाऱ्यांना दिले जाणारे आंतरराष्ट्रीय मानांकनही मिळाले. परंतु धक्क्यापासून तो सुमारे १२ किलोमीटर आत आहे आणि संध्याकाळी पाहुण्यांच्या गाड्या परतल्या की तेथे जेवणाचीही पंचाईत होऊ शकते. तेथे जावे, राहू मात्र नये, असे माझे मत आहे.

संपूर्ण महिन्याचे पैसे घरूनच भरणे हा नवख्यांचा नेहमीचा सापळा आहे. पहिल्या तीन रात्रींचेच आरक्षण करावे, सायकलवर हिंडून झोपड्या व घरगुती खोल्या प्रत्यक्ष पाहाव्यात आणि मग महिन्याचा भाव ठरवावा. खोली पाहताना चार गोष्टी विचाराव्यात: वीज गेली की जनित्र चालू होते का आणि किती वेळ, कोरड्या महिन्यांत विहिरीला किंवा टाकीला पाणी असते का, मच्छरदाणी आहे का, आणि स्वयंपाकघर वापरायला मिळेल का. मला शेवटी एका बंगाली दीदींच्या घराच्या मागची खोली मिळाली. त्यांनी भाडे सांगण्याआधी मला प्रश्न विचारला होता, ‘रात को गाना बजाओगे?’ मी नाही म्हटल्यावर मगच चहा आला.

५. सूर्याच्या वेळेला शरण जा

घड्याळ तेथेही भारतीय प्रमाणवेळच दाखवते, पण बेट मुंबईच्या पूर्वेला जवळपास २० रेखांश आहे आणि एका रेखांशाला चार मिनिटे या हिशेबाने तेथे माध्यान्ह मुंबईपेक्षा सुमारे एक तास वीस मिनिटे आधी होते. डिसेंबरात संध्याकाळी पाचच्या सुमारास सूर्य मावळतो. राधानगरचा सूर्यास्त पाहायचा, तर चार वाजता वाळूत बसलेले असायला हवे. मी साडेपाचला पोहोचलो होतो आणि विजेरीच्या उजेडात चपला शोधत परतलो.

उपाय सोपा आहे. झोपण्या-उठण्याच्या वेळा तासभर अलीकडे ओढाव्यात. पहाटे पाचला उठले, तर साडेनऊपर्यंत साडेचार तास गार व शांत हवा मिळते आणि बाहेरची सगळी कामे तेवढ्यात उरकतात. दहा ते दोन या वेळेत स्थानिक माणूस उन्हात दिसत नाही. तुम्हीही दिसू नये. जेवून झोपावे, वाचावे, कपडे धुवावेत. रात्री आठला सारे सामसूम होते, त्याची पहिल्या आठवड्यात खंत वाटते आणि दुसऱ्या आठवड्यात तुम्हीच साडेआठला जांभया देऊ लागता.

६. भरती-ओहोटी वाचायला शिका

मुक्कामातले जवळजवळ प्रत्येक बरे-वाईट याच गोष्टीवर अवलंबून असते, म्हणून या पायरीवर थोडे थांबतो.

विजयनगरच्या किनाऱ्यावर भरतीच्या वेळी पाणी झाडांच्या मुळांपर्यंत येते आणि निळ्याशार पाण्यात पाच पावलांवर पोहता येते. सहा तासांनी त्याच जागी पाहावे, तर समुद्र दूर गेलेला असतो आणि मधे मृत प्रवाळांचे करडे, खडबडीत पठार उघडे पडलेले असते. छायाचित्रे भरतीची पाहून आलेला माणूस ओहोटीला पोहोचतो आणि आपण फसवले गेलो, असे त्याला वाटते. त्याने फक्त वाट पाहायला हवी असते.

दोन भरत्यांमध्ये साधारण बारा तास पंचवीस मिनिटांचे अंतर असते, म्हणून भरती रोज सुमारे पन्नास मिनिटांनी पुढे सरकते. आज सकाळी आठला भरती असेल, तर उद्या ती नऊच्या थोडी आधी येईल. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण असते, म्हणजे भरती मोठी आणि ओहोटीही खोल. अष्टमीच्या सुमारास भांग असते, तेव्हा पाण्याची चढ-उतार बेताची राहते. इथपर्यंतचे गणित कोकणातल्या माणसाला पाठ असते. परंतु तिथीची पाऊणपट करून भरतीची वेळ काढण्याची आपली रीत मुंबई-कोकणच्या किनाऱ्यापुरती खरी आहे. अंदमानात तिच्यावर विसंबू नये. मी विसंबलो होतो, आणि पाय कापला तो त्याच सकाळी. पोर्ट ब्लेअरच्या भरतीच्या वेळा भारतीय सर्वेक्षण विभागाच्या तक्त्यांत मिळतात, मोबाइलवरही दिसतात. पहिल्याच दिवशी महिन्याभराच्या वेळा कागदावर उतरवून भिंतीला चिकटवाव्यात.

त्या तक्त्यावरून दिवस असा ठरवावा. मास्क लावून उथळ प्रवाळांवर तरंगायचे असेल, तर भरतीच्या आधीचा व नंतरचा एक तास निवडावा. पाणी पुरेसे खोल असते आणि प्रवाहही मंदावलेला असतो. कयाक, म्हणजे वल्ह्याची छोटी अरुंद होडी, घेऊन निघायचे असेल, तर परतीची वेळ ओहोटी पुरती लागण्याआधीची धरावी, अन्यथा शेवटचे अंतर कयाक डोक्यावर घेऊन प्रवाळांतून चालावे लागते. ओहोटी वाया जाते असे मात्र नाही. रबरी बूट घालून सकाळच्या ओहोटीला मी पठारावरच्या डबक्यांपाशी बसत असे. ओंजळभर पाण्यात बोटाएवढा मासा एका भोकातून डोके काढून पाहत असतो, काळी समुद्रकाकडी वाळू गिळत सरकत असते, आणि जो शंख उचलायला हात पुढे करावा तो आतल्या संन्यासी खेकड्यासह चालू लागतो.

येथे दोन सूचना. जिवंत प्रवाळावर पाय देऊ नये. त्याला हात लावणेही त्याच्या व तुमच्या हिताचे नाही. आणि शंकूच्या आकाराचे, नक्षीदार शंख कधीही उचलू नयेत, कारण त्यांतल्या काही गोगलगायींचा विषारी दंश जीवघेणा ठरू शकतो. प्रवाळाने खरचटले, तर जखम लगेच गोड्या पाण्याने धुऊन कण काढावेत आणि जंतुनाशक लावावे. दमट हवेत अशी जखम चिघळायला वेळ लागत नाही.

७. पाण्याखाली जाताना

स्कूबाचे दोन रस्ते आहेत. पहिला म्हणजे अनुभवापुरती एक डुबकी: पोहता येत नसले तरी चालते, प्रशिक्षक सतत धरून असतो आणि खोली जास्तीत जास्त १२ मीटर असते. दुसरा म्हणजे प्रमाणपत्राचा प्राथमिक अभ्यासक्रम, जो तीन-चार दिवसांत होतो आणि ज्यानंतर १८ मीटरपर्यंत जोडीदारासह उतरता येते. त्यासाठी २०० मीटर पोहणे आणि १० मिनिटे पाण्यावर तरंगत राहणे जमायला हवे. महिनाभर राहणार असाल, तर दुसरा रस्ता घ्यावा. एकेका डुबकीवर पैसे घालवण्यापेक्षा तो स्वस्त पडतो.

केंद्र निवडताना भावाच्या आधी हे विचारावे: एका प्रशिक्षकामागे पाण्यात किती जण असतात, बोटीवर प्राणवायूचा संच आहे का, आणि काही झाले तर रुग्णाला कोठे व कसे नेणार. उत्तर देताना जो त्रासिक चेहरा करतो, त्याच्याकडे जाऊ नये. आरोग्याच्या प्रश्नावलीत खरे लिहावे. सर्दी असेल तर त्या दिवशी उतरू नये, कारण दर १० मीटरला समुद्रसपाटीवरच्या हवेच्या दाबाइतका दाब वाढतो आणि बंद कानाला तो सहन होत नाही. कान दुखेपर्यंत थांबू नये. पहिल्या मीटरपासूनच नाक चिमटीत धरून हळुवार फुंकत कान मोकळे करत राहावेत. मी पहिल्या दिवशी भिडेपोटी दुखणे सहन केले आणि पुढचे चार दिवस किनाऱ्यावर बसून इतरांचे वर्णन ऐकले.

सर्वांत महत्त्वाचे म्हणजे विमान. अनेक डुबक्यांनंतर विमानात बसण्यापूर्वी किमान १८ तास जाऊ द्यावेत. मी पूर्ण दिवस धरतो. रक्तात विरघळलेला नायट्रोजन बाहेर पडायला वेळ लागतो आणि विमानातल्या कमी दाबात त्याचे बुडबुडे होण्याचा धोका असतो. श्री विजयपुरमला एक रात्र काढण्याचा तिसऱ्या पायरीतला नियम येथेही कामी येतो.

८. जंगल, कांदळवन आणि मगर

एलिफंट बीचला धक्क्यावरून बोटीने जाता येते, पण मला जंगलातली पायवाट आवडते. राधानगरच्या रस्त्यावर तिचे तोंड आहे आणि साधारण पाऊण तासात ती किनाऱ्यावर उतरते. वनविभागाच्या चौकीवर नाव नोंदवावे, वाटाड्या घ्यावा, पावसानंतर चिखल व जळवांची तयारी ठेवावी. परतीला उशिरात उशिरा दोन-अडीचला निघावे. पाचव्या पायरीतला सूर्य झाडांखाली आणखी लवकर मावळतो.

कांदळवनातल्या रात्रीच्या कयाक फेरीसाठी चांदणे नसलेली रात्र हवी, तरच वल्ह्यामागे सूक्ष्म जीवांचा निळसर उजेड दिसतो. दिनदर्शिका पाहून अमावास्येच्या आसपासचे चार-पाच दिवस राखून ठेवावेत आणि वाटाड्याशिवाय जाऊ नये.

कारण तेथे मगरी आहेत. अंदमानातली खाऱ्या पाण्यातली मगर खाडी, ओढ्याचे मुख, कांदळवन आणि प्रसंगी उघडा समुद्र अशा सर्व ठिकाणी वावरते. २०१० मध्ये राधानगरच्या टोकाला असलेल्या नील्स कोव्ह येथे पोहणाऱ्या एका परदेशी पर्यटक तरुणीचा मगरीच्या हल्ल्यात मृत्यू झाला होता. इशाऱ्याचे फलक शोभेसाठी लावलेले नाहीत. जीवरक्षकांनी आखून दिलेल्या भागातच पोहावे, पहाटे व संधिप्रकाशात पाण्यात उतरू नये, आणि ‘आम्ही रोज येतो, काही होत नाही’ असे सांगणाऱ्या पाहुण्यापेक्षा ‘आज नको’ म्हणणाऱ्या मासेमाराचे ऐकावे.

९. रोजच्या निवांतपणाची व्यवस्था

फिरायला भाड्याची स्कूटर मिळते, पण बेटावर मुख्य रस्ते मोजकेच आहेत आणि महिन्याभरासाठी सायकल पुरते. राधानगरकडच्या चढांसाठी सरकारी बस आहे.

पैशांच्या बाबतीत रोख रक्कम जवळ असावी. एटीएम थोडी आहेत आणि ती रिकामी असण्याचे दिवस नेमके सुट्टीचे असतात. चेन्नई ते अंदमान ही सुमारे २,३०० किलोमीटरची समुद्राखालची केबल ऑगस्ट २०२० मध्ये सुरू झाल्यापासून इंटरनेट पुष्कळ सुधारले आहे आणि दूरस्थ काम करणे शक्य आहे. तरीही वीज गेली की सारे थांबते, म्हणून महत्त्वाची बैठक असेल त्या दिवशी पर्यायी जागा आधी पाहून ठेवावी.

आता वाळूमाशीविषयी, जिच्याबद्दल मला कोणीही आधी सांगितले नव्हते. डोळ्यांना जेमतेम दिसणारी ही माशी ओल्या वाळूवर असते, चावताना कळत नाही आणि दुसऱ्या दिवशी असह्य खाज सुटते, जी आठवडाभर टिकते. वाळूवर नुसते टॉवेल पसरून पडू नये. सतरंजीपेक्षा लाकडी बाक किंवा झोपाळा बरा. घोट्यापासून गुडघ्यापर्यंत खोबरेल तेलाचा जाड हात फिरवावा. दीदींचा हा उपाय बाजारातल्या मलमापेक्षा मला अधिक लागू पडला. खाजवू मात्र नये.

झोपाळ्याबद्दल एकच सूचना: तो नारळाच्या झाडाला बांधू नये. चित्रांत तो नेहमी तेथेच असतो, परंतु वरून पडणाऱ्या नारळाला चित्राची जाण नसते. महुआच्या दोन बुंध्यांमध्ये बांधावा, बुंध्याला दोर काचू नये म्हणून मधे गोणपाटाची घडी घालावी.

जेवणासाठी बाजारातल्या साध्या खाणावळीत भात, डाळ, भाजी आणि माशाची थाळी मिळते. भाज्यांचा बराच भाग बोटीने येतो, त्यामुळे समुद्र खवळलेला असला की दोन दिवस बटाटा आणि भोपळाच खावा लागतो. तेव्हा खाणावळवाल्यावर चिडून उपयोग नाही. प्रथमोपचारासाठी बेटावर सरकारी आरोग्य केंद्र आहे, मोठ्या दुखण्याला श्री विजयपुरम गाठावे लागते.

१०. निघताना

निघण्याच्या दोन दिवस आधी बोटीची वेळ पुन्हा तपासावी, कारण ती बदललेली असू शकते. शेवटची डुबकी त्याआधीच उरकलेली असावी. उरलेले तेल, मच्छर अगरबत्ती, वाचून झालेली पुस्तके घरमालकांना विचारून मागे ठेवावीत. माझ्या खोलीच्या फळीवर अशाच कोणी तरी सोडलेला भरतीचा जुना तक्ता होता, ज्याच्या समासात ‘पाच नंबरला ओहोटीत जाऊ नका’ असे देवनागरीत लिहिलेले होते. मी तो पहिल्या दिवशी वाचला असता, तर बरे झाले असते.

आणि सामान भरताना प्रत्येक पिशवी झटकून पाहावी. प्रवाळ, मेलेले आणि वाळूत पडलेले असले तरी, वन्यजीव संरक्षण कायद्याखाली संरक्षित आहेत. कित्येक शंखांचेही तसेच आहे. विमानतळावरच्या तपासणीत ते हमखास सापडतात आणि मग खुलासे करता करता विमानाची वेळ होते. लहान मुले सोबत असतील, तर त्यांचे खिसे, चपलांच्या पिशव्या आणि पाण्याच्या बाटल्यासुद्धा आदल्या रात्री किनाऱ्यावरच रिकाम्या कराव्यात. माझ्या भाच्याने तर तीन पांढरे तुकडे मोज्यात लपवले होते.